पहिली खेप धानाची

तुम्ही पिकपचं विचारलं म्हणून आठवलं. माझ्या पुतण्यानं, सुरेशनं, छोटी पिकप आणली. त्याचा दोस्त दिलीप रोज येऊन त्यावरून वाद घालायचा. दोघंही गाड्यांचे वेडे.

“ना धड कार, ना धड ट्रक,” दिलीप म्हणायचा.

“मानसं पुढं, माल मागं. दोनी मावते,” सुरेशचं उत्तर ठरलेलं.

एक दिवस असाच वाद चालू होता आणि माझी बकरी अडली. पिल्लू काही बाहेर येईना. आमची म्हातारी रडकुंडीला आली. मी म्हटलं, “सुरेश, साकोलीच्या दवाखान्यात नेतं का गा?”

त्यानं लगेच चावी काढली, पण मागचा डाला, म्हणजे माल ठेवायचा हौदा, उघडायला तयार होईना.

“काका, पयली खेप नव्या धानाची, असं माय देवाले बोलली हाये. डाल्यात बकरी नाही चालत. सीटवर बसवा.”

“अन् आमी?” दिलीपनं विचारलं.

“तुमी बसा मागं. मानसं म्हंजे माल नोहे.”

बकरी सीटवर, तिचं डोकं म्हातारीच्या मांडीवर. मी आणि दिलीप मागे, डाल्याला घट्ट धरून. दवाखान्यात डॉक्टर सरळ मागे आले, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, “पेशंट कोणता?”

बकरी वाचली, पिल्लूही वाचलं. परत निघताना सुरेश म्हणाला, “पाहिलं ना भाऊ? मानसं अन् माल, दोनी मावले.”

दिलीप अंगावरची धूळ झटकत म्हणाला, “मावले ना. त्यातला माल कोन होता, तेवढं सांग.”