सातव्या कलमाखाली सही

नाही नाही, ते सातवं कलम सगळ्यांनाच जरा विचित्र वाटतं, लानशिनच्या आई — वाचा सावकाश. ‘स्पर्धेच्या काळात घरची वाईट बातमी मुलीला कळवणार नाही.’ एवढंच तर आहे. वाईट म्हणजे काय? म्हणजे वाईटच. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं. मन हललं की पाय हलतो, आणि बीम असतो जेमतेम दहा सेंटिमीटर रुंद. तुम्ही सही केलीत की लानशिन आमची. खरं सांगू? आठ वर्षं मुली निवडतेय, अशी पावलं पाहिली नाहीत मी. यंदा चांगली मुलगी मिळाली नाही तर हा जिम्नॅस्टिक्सचा वर्गच बंद करणार म्हणतात — ते जाऊ दे.

माझ्या आईनेही केली होती सही, बहुधा ह्याच टेबलावर. इथे टेबलं कुठे बदलतात.

हो, भिंतीवरचा फोटो माझाच. सोळा वर्षांची होते, दिसायचे दहाची. बीमवरचं सुवर्ण. आमचे प्रशिक्षक फेंग सर ओरडत होते, ‘दात दाखव गं, पोरी, हरल्यासारखी काय उभी आहेस!’ — म्हणून ते दात.

बाबा त्याच्या चाळीस दिवस आधीच वारले होते. मला कळवलं नव्हतं, कलमाप्रमाणे. दर रविवारी आईचा फोन यायचा, पाच मिनिटं, सर शेजारी बसलेले. बाबा कुठायत? तळ्यावर गेलेत, कमळकाकडी काढायला. पुढच्या रविवारी? तळ्यावरच. आता तुम्ही इथल्याच — जूनमध्ये कमळकाकडी काढतं का कुणी? जूनमध्ये तळ्यात नुसती पानं. आईला घाईत दुसरं काही सुचलं नसणार.

मला कळलं होतं. पहिल्याच रविवारी. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. विचारलं असतं तर आई रडली असती, मग मला बीमवरून उतरावं लागलं असतं. म्हणून मी म्हणायचे, बाबांना सांग, ऊन फार आहे, टोपी घाला. आई म्हणायची, सांगते हं.

जिंकल्यावर सरांनी खोलीत बोलावून सांगितलं. चार अधिकारी उभे, एका बाईंच्या हातात रुमाल तयार. मी विचारलं, उद्या सराव किती वाजता? सर बाहेर जाऊन म्हणाले, ‘पोलादाची आहे पोरगी.’ पेपरातही आलं ते.

चार महिन्यांपूर्वी लग्न झालं माझं, उशिराच. नवरा चांगला आहे. परवा त्याची आजी गेली. घर सगळं रडत होतं, मी बत्तीस वाट्या घासल्या. तो म्हणाला, ‘तुला कशाचं काही वाटतच नाही का गं?’ मी म्हटलं, वाटतं की. — काय वाटतं ते मात्र त्याने विचारलं नाही, बरं झालं. मला आठवावं लागलं असतं.

तर इथे, खाली, तारीख घालून —

पेन का ठेवलंत? अहो, मी काही वाईट म्हणून सांगत नव्हते. कलम खोडता येत नाही, मी विचारून पाहिलंय. — बरं. बरं, नाही तर नाही. लानशिन, बाळा, कोट घाल, आई निघाली. नाही, उद्या नाही यायचं.

त्या दाराने नका जाऊ, तिकडे मुली बीमवर आहेत, दार वाजलं की बघतात. इकडून जा.