जहाजाच्या झोक्याचं गणित

पार्कमधल्या मोठ्या जहाजाच्या झोक्यासमोर रांगेत उभा होतो. पुढे गणिताच्या सहलीला आलेल्या कॉलेजच्या दोन मैत्रिणी. एकीच्या हातात स्टॉपवॉच.

“एका झोक्याला किती वेळ लागतो, तेवढं मोज. त्यावरून दांड्याची लांबी काढायचीय.”

“ती बघ, वर जहाजात कशी चिकटून बसलीय त्याला!”

“सरांनीच लावल्यात जोड्या. त्या दोघांनी वरून मोजायचं, आपण खालून.”

“त्याला इंटिग्रेशन शिकवलं मी, तासन्‌तास फोनवर. आणि ही आली आयत्या बिळावर नागोबा!”

“तुला का मिरच्या झोंबतायत? नुसता मित्र आहे ना तुझा?”

“मित्रच आहे. पण ती किंचाळतेय किती!”

“घाबरली असेल गं.”

“ती आणि घाबरणार? कॉलेजात निघालेला साप हिनेच शेपटीला धरून बाहेर टाकला होता.”

“बरं, झोक्याचा वेळ सांग.”

“नाही मोजला.”

“मग स्टॉपवॉच कशाचं चालू आहे?”

“तिने त्याचा हात धरला, तेव्हापासून चालू आहे.”

“आता तरी बंद कर बाई! जहाज थांबलं, सगळे उतरलेसुद्धा.”

“उतरले गं. पण हात कुठे सोडलाय अजून?”