वावटळीवर थुंकलं तर

वावटळीनं अर्धं गाव उडवल्याला तिसरा दिवस होता. पंचनाम्याच्या रांगेत नागूबाई नातीला घेऊन उभ्या होत्या. मागं निवृत्त धनाजी गुरुजी.

"आज्जे, दादा माझ्यामुळं गेला."

"काय बोलतीस वैष्णवी? पत्रा उडून लागला त्याला."

"म्या वावटळीवर थुंकले व्हते. थुंकलं की तिच्यातलं भूत पळतं ना? पर ते चिडलं."

वारं कसं फिरतं ते सांगायला गुरुजींनी तोंड उघडलं, पण नागूबाईच आधी बोलल्या.

"येडे, सारी गल्ली थुंकत व्हती. दादा तर दोनदा थुंकला. भूतबीत काय नसतं, वारं असतं नुस्तं."

"मग थुंकायला कुणी शिकवलं?"

नागूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"म्याच की गं."

गुरुजींनी खिशातला रुमाल त्यांच्यापुढं केला.

"रडू नगं आज्जे. वारंच व्हतं म्हणलीस ना?"