भावजींना कळलं कसं

दाताच्या दवाखान्यात गाल सुजलेल्या शिंप्याला बोलता येईना, म्हणून तो शेजारच्या दोन बहिणींचं निवांत ऐकत बसला.

"ताई, मी ईमेल बदलतेय," धाकटी म्हणाली. "परदेशी कंपनी आहे. सरकारनं मागितलं तरी काही दाखवत नाहीत म्हणे."

"तुझं कोण वाचायला बसलंय गं?"

"तुझा नवरा."

"काहीतरीच. त्यांच्या गुप्तचर खात्यात फक्त संशयितांचं वाचतात."

"मी मैत्रिणीला लिहिलं, भावजींचा शर्ट पडद्याच्या कापडाचा वाटतो. तेव्हापासून तो शर्ट कुणाला दिसला नाही."

"तो उसवला होता."

"देशाच्या सुरक्षेसाठी?"

शिंप्याला हसू फुटलं आणि दाढ ठणकली.

"नको ना बदलूस," थोरली हळूच म्हणाली.

"का?"

"तुझी नोकरी गेली, ते मला ह्यांच्याकडूनच कळलं. मी फोन केला की तू आपली 'सगळं झकास' म्हणतेस."

धाकटी तिच्याजवळ सरकली.

"ईमेल मी बदलणारच," ती म्हणाली. "पण रविवारी घरी येते आणि सगळं तोंडानं सांगते. भावजींना म्हणावं, तेवढा वेळ बाहेर जा."