मंदारची वेगाची ओळ

आमच्या मंदारचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. जर्मनीत कार्ल्सरूहेला पीएचडी करतो, सगळा कोड लिस्प नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत. फाइलच्या डोक्यावर त्यानं कंपायलरसाठी, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणाऱ्यासाठी, हुकूम लिहिलेला: तपासण्या काढून टाक, फक्त वेग बघ. भेटेल त्याला सांगणार, "माझा प्रोग्राम पळतो तो या एका ओळीमुळे."

डेमोच्या आदल्या दिवशी त्याची सिनियर आनेट कोड बघायला बसली.

"तू 'प्रोक्लेम' लिहिलंयस. हा हुकूम प्रोग्राम लोड होताना सुटतो. तोवर कंपायलरचा फायराबेंड झालेला असतो, तो काम आटपून घरी गेला. 'डिक्लेम' लिही, म्हणजे कंपाइल होतानाच लागू होईल."

मंदारनं लिहिलं. प्रोग्राम सुसाट सुटला आणि एकही एरर न देता धाडकन मेला. डेटामध्ये कुठेतरी आकड्याऐवजी मजकूर येत होता, आणि इतके दिवस तपासणीच तो पकडून बाजूला काढत होती.

"म्हणजे माझी ओळ आजवर..."

"गेनाऊ, अगदी बरोबर," आनेट म्हणाली. "ती चालत नव्हती, म्हणून प्रोग्राम चालत होता."

डेमोला मंदारनं गुपचूप 'प्रोक्लेम' परत लावलं. प्रोफेसरांनी वेगाचं रहस्य विचारलं, तर पठ्ठ्यानं त्याच ओळीवर बोट ठेवलं.