कातरलेला कोपरा

लाकडी ठशांनी लग्नपत्रिका छापणारे महांतप्पा धाराशिवच्या मोटारअड्ड्यावर बसले होते. शेजारी दोन अनोळखी बाया बोलत होत्या.

"तुळजाबाई, डोळे का सुजलेत?"

"भावाच्या घरनं कागद आला. कोपरा कातरलेला बघितला. मयताच्या पत्राचाच कोपरा कापत्यात न्हवं? वाचता कुठं येतंय आमाला. भाऊ गेला म्हणून लई रडले, आंघोळ केली."

"मग?"

"पटवाऱ्यानं वाचलं. भाचीची लग्नपत्रिका निघाली."

"कोपरा कुणी कातरला?"

"छापणाऱ्यानं. शाई सांडली असंल. लढाईपायी दुसरा कागद मिळतोय कुठं?"

"लग्नाला जाणार न्हवं?"

"जित्या भावाला रडले म्या. कोणत्या तोंडानं जाऊ?"

मग महांतप्पांकडं वळून तुळजाबाईनं विचारलं, "दादा, तुमी काय करता?"

"शेती," म्हणत महांतप्पांनी शाई लागलेली बोटं उपरण्यात लपवली.