ऑइलचा काटा उतरेचना

हसणार नसाल तरच सांगतो. गेल्या उन्हाळ्यात इथे आखातात माझ्या गाडीचं इंजिन ऑइल तापायला लागलं. बुसैतीनहून निघालो की मनामाचा पूल ओलांडेपर्यंत ऑइलच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. बायको म्हणाली, "विकून टाक ती."

म्हटलं, "मी इंजिनीअर आहे. कारण सापडल्याशिवाय सोडणार नाही."

पातळी तपासली, ऑइल बदललं, सेन्सरही बदलला. काटा ढिम्म लाल पट्ट्यातच. शेवटी गाडी तुबलीच्या गॅरेजात, मालवणच्या दिनूभाऊंकडे नेली आणि त्यांच्या डोक्यावर उभा राहिलो. म्हटलं, "आज हे खलास केल्याशिवाय मी इथून जात नाही."

त्यांनी पुढचा बंपर काढला, वाकून पाहिलं आणि विचारलं, "खंयच्या शाण्यान ही जाळी लावल्यान?"

ऑइल थंड करणाऱ्या कूलरसमोर मच्छरदाणीची जाळी होती. वाळू आत जाऊ नये म्हणून मीच ती बसवली होती. धुळीने ती पार लिंपून गेलेली, मग वारा आत जाणार कुठून?

जाळी काढली, चक्कर मारून आलो, काटा जागेवर.

दिनूभाऊ हात पुसत म्हणाले, "साहेब, तुमी कामाक खंय?"

आता तुम्हाला ठाऊकच आहे, बारा वर्षं मी एसी मेंटेनन्समध्ये आहे. 'बाहेरच्या युनिटला वारा लागू द्या, पुढे कपडे वाळत घालू नका,' म्हणून रोज कुणाला तरी झापतो.

म्हटलं, "बँकेत."